सात नंबरचं छत

सात नंबरचा बोगदा बंद होऊन सतरा दिवस झाले होते आणि सतराही दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. खाणीच्या वस्तीतले रस्ते मुळातच काळे, वर त्यांचा चिखल काळा. माणूस घरातून बाहेर पडला की गुडघ्यापर्यंत एकाच रंगाचा होऊन परत यायचा. एरवी पहाटे पाळीला जाणाऱ्या बुटांचा आवाज वस्तीभर असे. आता बुटांच्या ऐंशी जोड्या ऐंशी उंबऱ्यांवर पालथ्या पडल्या होत्या, आणि बुटांचे धनी चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे राहून एकाच माणसाला येताना-जाताना बघत होते.

तो माणूस म्हणजे सरकारी खाण-सुरक्षा तपासनीस. वस्तीत त्याला तपासनीस कुणी म्हणत नसे. बंदसाहेब म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं जे जे बंद केलं होतं, एक झिजलेला दोर, माणसं खाली नेणारे दोन पिंजरे, धुळीनं कोंदलेली कोळसा चाळायची शेड, एका मॅनेजरची बढती, त्या सगळ्यावरून हे नाव पडलं होतं. दोराच्या वेळी ते पहिल्यांदा कुणीतरी लाडानं घेतलं, आणि सतरा दिवसांपूर्वी त्यानं सात नंबर बंद केला तोवर ते लाडाचंच होतं.

"बंदसाहेब आले. तोंडं बंद करा रे," टपरीतून आवाज आला.

कुणी हसलं नाही. तपासनीस छत्री थोडी पुढं झुकवून परटाच्या दुकानात शिरला. परटानं त्याच्या कपड्यांचं गाठोडं फळीवर आणून ठेवलं. कपडे धुतलेले होते, पण चुरगळलेले, दमट, एकात एक बोळा झालेले.

"इस्त्री राहिली वाटतं."

"इस्त्री बंद आहे, साहेब," परीट म्हणाला. "निखारा लागतो ना. कोळसा कुठला आणू? सात नंबर बंद."

मागं पाच नंबर, तीन नंबर चालू होते, ढिगानं कोळसा पडला होता. दोघांनाही ते ठाऊक होतं. तपासनीसानं गाठोडं काखेत मारलं. घरी पोचेपर्यंत त्याची ओल सदऱ्यातून बरगडीला लागली होती.

घरात त्याची बायको खिडकीशी बसून पावट्याच्या शेंगा निवडाव्यात तसं एकेक करून मोज्यांच्या जोड्या लावत होती. तिनं गाठोडं सोडलं, सदरे झटकले, खुर्च्यांच्या पाठींवर घातले. एकतीस वर्षं तिनं या माणसाबरोबर एका नियमात काढली होती: खाणीतली साधी बादलीसुद्धा या घरात यायची नाही. शेजारच्या घरांत खाणीच्या फळ्यांचे पाट होते, खाणीच्या दोरावर कपडे वाळत. हिच्या घरात नाही. सुरुवातीला ती चिडायची, मग तिला त्याचा ताठा आवडायला लागला. चारचौघांत ती म्हणायची, आमच्याकडे खिळासुद्धा दुकानातला आहे.

"मुख्य कचेरीचं पत्र आलंय," ती म्हणाली. "परवा संयुक्त पाहणी. कोण येतंय बघ तरी."

त्यानं पत्र डोळ्यांशी नेलं. येणारा अधिकारी म्हणजे त्याचाच एकेकाळचा उमेदवार. वीस वर्षांपूर्वी याच घरात दोन वर्षं जेवायला असायचा. पिंजऱ्यात उतरताना गुडघे कसे सैल सोडायचे हे त्याला तपासनीसानं शिकवलं होतं. आता तो वरच्या खुर्चीत होता.

"आपलाच माणूस आहे," बायको म्हणाली. तिच्या आवाजात सतरा दिवसांत पहिल्यांदा थोडी ऊब होती. "तो तुला खाली मान घालायला लावायचा नाही."

संध्याकाळी लेक शाळेतून आली. ती खाणीच्या शाळेत शिकवायची. तिच्या वर्गातल्या चाळीस पोरांपैकी सतरा जणांचे बाप सात नंबरचे होते, आणि गेले दोन आठवडे त्यातली नऊ पोरं तिच्याकडे बघून उत्तर देत नव्हती, फळ्याकडे बघून देत होती. तिनं छत्री कोपऱ्यात उलटी ठेवली, बापासमोर बसली आणि हातावरचा खडू पुसत म्हणाली,

"बाबा, एक विचारू? कानसेन काकांना ऐकू येत नाही, ठाऊक आहे तुला?"

त्याच्या हातातलं पत्र घडीवर घडी होत गेलं. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पंपावर पाठमोरे उभे होते. मी तीनदा हाक मारली. शेवटी आपणहून वळले आणि मग म्हणतात, अगं, तू कधी आलीस? बोलताना माझ्या डोळ्यांकडे नव्हते बघत. तोंडाकडे बघत होते."

"वय झालंय."

"खाणीचं छत तपासणारा माणूस तो. त्यांच्या कानाचा दाखला दर वर्षी तूच देतोस ना?"

"दाखला डॉक्टर देतो," तो म्हणाला. "मी साक्षीला असतो."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. लेकीनं मान हलवली आणि दिवा लावायला उठली. तिनं बापाचं म्हणणं कधी दुसऱ्यांदा तपासून बघितलं नव्हतं. ते घरात कुणीच करत नसे.

*

कानसेन हे नावही वस्तीनंच ठेवलेलं. छत तपासायचं म्हणजे लोखंडी टोकाची काठी घेऊन वर ठोकायचं. धड दगड ठण्ण वाजतो. आतून सुटलेला दगड ढब्ब वाजतो, रिकाम्या पिंपासारखा. या माणसाला दोन्हींच्या मधले दहा आवाज कळायचे. तपासनीस कॉलेजातून नवा इंजिनीअर म्हणून खाणीत आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, डोक्यात गणितं होती आणि पायात नवे बूट. तिसऱ्याच आठवड्यात कानसेननं मागून त्याची कॉलर धरून त्याला असा खेचला की बटणं तुटली. शिवी तोंडात येते तोच पुढं, तो उभा होता तिथं, खोलीएवढा दगड उतरला होता. धूळ बसल्यावर कानसेन एवढंच म्हणाला, "ते मघापासून बोलत होतं. तुझंच लक्ष नव्हतं."

त्या दिवसापासून तो त्याला दादा म्हणायला लागला. दादानं त्याला शिकवलं: एका हातानं ठोकायचं, दुसरा पंजा छताला सपाट लावायचा. कानाला कळलं नाही तर हाताला कळतं. सुटलेला दगड बोटांखाली थरथरतो, गाईच्या कातडीसारखा. पुढच्या वर्षी त्यानं खाणीची नोकरी सोडून सरकारी सुरक्षा खात्यात अर्ज केला. लोक विचारायचे, एवढा पगार सोडून कशाला? तो म्हणायचा, माझी बटणं तुटली म्हणून.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक तपासणी होती. कानाची तपासणी साधी असते. माणसाला खुर्चीत बसवायचं, डॉक्टरनं मागं उभं राहून हलक्या आवाजात आकडे म्हणायचे, माणसानं ते परत म्हणायचे. साक्षीदार समोर बसतो. डॉक्टर म्हणाला, "बावीस." दादा समोर बघत गप्प. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता, आणि तो थेंब तपासनीसाला दिसला. तपासनीसाचे ओठ हलले. आवाज न करता. बावीस.

"बावीस," दादा म्हणाला.

पस्तीस. अकरा. चौसष्ट. सगळे बरोबर. दोघं त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. दर वर्षी तपासणी झाली, दर वर्षी ओठ हलले. तपासनीसानं मनाची समजूत घातली होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती: जुने बोगदे माणसाच्या उंचीचे आहेत. दादाचा हात छताला पोचतो. त्याचा पंजा दहा कानांना भारी आहे. निवृत्तीला उरलीत किती वर्षं?

मग सात नंबर निघाला. कोळशाचा थर जाड, छत दोन पुरुष उंच. नकाशा मंजुरीला तपासनीसाच्याच टेबलावर आला. तपासनीसानं खांबांची जाडी तपासली, हवेचा मार्ग तपासला, टेकूंचं अंतर लाल शाईनं दोनदा कमी केलं. तिथं दादाचा हात पोचणार नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. एकतीस वर्षांत त्यानं नकळत केलेली तेवढीच एक चूक, आणि ती नकाशात कुठंही दिसत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दादाच्या घरी गेला. दोन खोल्या, मधली भिंत फळ्यांची. दादाच्या बायकोनं त्याला बाक दिला, चहा ठेवला. दादा खाटेवर बसून काठीचं लोखंडी टोक कानशीनं घासत होता. तपासनीस त्याच्या अगदी समोर बसला, उजेड आपल्या तोंडावर येईल असा. एवढी सवय दोघांना झाली होती.

"दादा, उद्या आजारी पड."

"चाळीस वर्षांत पडलो नाही. उद्याच पडलो तर लोक म्हणतील घाबरला." त्यानं टोक अंगठ्यावर तपासलं. "छत वाईट आहे?"

"वाईट आहे. मी स्वतः ऐकलंय. वरून पाणी उतरतंय, दगड सुटत चाललाय."

"मग तसंच सांगेन. त्यात काय?"

"तुला कळेल कसं?"

दादा हसला. समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळं तो हसला की पोरासारखा दिसे. "तू आहेस की. वाईट असलं की मान हलव. तुझा कान तो माझा कान. आजवर नाही का चाललं?"

तपासनीसाला ते गिळवलं नाही. पण खरं तेच बोललं जाणार होतं, मग ते कुणाच्या कानानं का असेना. ऐंशी माणसं वाचणार होती. त्यानं चहा संपवला.

"माझ्याकडे बघशील ना?"

"आणि कुणाकडे बघू? या वयात?" दादा म्हणाला. आतून बायको हसली.

*

पाहणीला सहा जण उतरले. मुख्य अधिकारी, खाणीचा मॅनेजर, कामगारांचे दोन प्रतिनिधी, दादा आणि तपासनीस. पिंजरा सुटला तेव्हा मुख्य अधिकाऱ्यानं गुडघे सैल सोडले. तपासनीसाला ते बघून बरं वाटलं.

"सर, तब्येत कशी आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"चाललंय."

"काकूंना सांगा, यावेळी जेवायला जमणार नाही."

खाली अर्धा तास चाल होती. पाण्याच्या धारा गळ्यात उतरत होत्या. सात नंबरच्या तोंडाशी तपासनीसानंच ठोकलेली पाटी होती, तिच्यावरची लाल अक्षरं ओघळली होती. ते आत शिरले. डोक्यावरच्या दिव्यांचे झोत वर गेले तरी छत नीट उजळत नव्हतं, इतकं उंच. कुठंतरी लाकडी टेकू हलकंसं करकरला. प्रतिनिधींपैकी जो जाडा होता तो तिथंच थांबला.

"करा सुरुवात," मॅनेजर म्हणाला आणि हातानं खूण केली.

दादानं लांब काठी उचलली. खांदा मागं, कंबर सैल, चाळीस वर्षांचा जुना डौल. काठी वर गेली.

ढब्ब.

तपासनीसानं मान हलवली, स्पष्ट, दोनदा. पण त्याच्या तोंडावर उजेड आला नाही. दादाच्या डोक्यावरच्या दिव्याचा झोत छतावरून खाली आला, तपासनीसाच्या छातीवरून घसरला आणि पलीकडे जाऊन मॅनेजरच्या तोंडावर थांबला. मॅनेजर गाल खाजवत होता. त्यानं डोळे हळूच मिटले आणि उघडले.

"चांगलं आहे," दादा म्हणाला.

पुन्हा काठी. ढब्ब. पुन्हा झोत तिथंच.

"चांगलं आहे. ठणठणीत."

तपासनीसानं आपला दिवा दादाच्या डोळ्यांवर रोखला. दादानं तोंड फिरवलं, झोत टोचल्यासारखं.

"ढब्ब वाजलं," तपासनीस म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं."

"आम्ही काय ऐकणार, साहेब," मॅनेजर नरमाईनं म्हणाला. "आमचे कान ऑफिसातले. सगळी खाण ज्यांच्या कानावर चालते ते तुमच्यासमोर उभे आहेत."

मुख्य अधिकाऱ्यानं काखेतल्या प्लास्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. म्हणजे ती वरूनच आणलेली होती, पावसात भिजू नये म्हणून गुंडाळून. "सर, यांचे तीन वर्षांचे दाखले आहेत. ऐकणं उत्तम. साक्षीदार म्हणून सही तुमची. आता तुम्हीच म्हणताय यांना चुकीचं ऐकू येतं?" तो जवळ आला आणि आवाज खाली आणला. "वर रजिस्टर ठेवलंय. आदेश तुम्हीच मागं घ्या, तुमच्याच अक्षरात. वस्तीत तुमचं नाव राहील. निवृत्तीला आठ महिने राहिले. कशाला ताणता?"

वीस वर्षांपूर्वी जेवताना हा मुलगा भात संपला तरी मागायला लाजायचा. तपासनीसानं त्याच्याकडे बघितलं, मग दोन्ही प्रतिनिधींकडे. जाडा अजून तोंडाशीच उभा होता. आदेश उठला असता तर सोमवारच्या पाळीला तो आत आला असता. त्याच्यामागं एकोणऐंशी आले असते.

"जरा सगळे इकडं या," तपासनीस म्हणाला. "यांच्या समोर उभे राहा. कुणी बोलू नका."

तो वळसा घालून दादाच्या मागं गेला. आपला दिवा विझवला. दादाचा गळा सुरकुतलेला होता, सदऱ्याची कॉलर उलटी फाटून पुन्हा शिवलेली.

"बावीस," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला.

पाणी टपकत होतं. दादा समोरच्या अधिकाऱ्याकडे अदबीनं बघत उभा.

"पस्तीस."

काही नाही.

"अकरा. चौसष्ट." मग तो अख्ख्या बोगद्याला ऐकू जाईल असं ओरडला, "दादा, मागं सर, दगड येतोय."

चारही माणसं हलली. मॅनेजर तर टेकूला जाऊन धडकला. दादा एकटा जागच्या जागी उभा राहिला, तोंडावर तेच पाहुण्यांसाठीचं हसू घेऊन. मग त्याला समोरची तोंडं दिसली. ती वाचता वाचता त्याचं हसू गेलं. तो हळूहळू वळला आणि आपल्या मागं, काळोखात, कोण उभं आहे ते त्याच्या दिव्याला दिसलं.

त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली, नीट, घसरणार नाही अशी.

"म्हणजे दाखले खोटे," मुख्य अधिकारी म्हणाला.

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच ओठ हलवायचो."

अधिकाऱ्यानं फाइल मिटली. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं सर म्हणायचं सोडलं. "खोट्या दाखल्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा आदेश मी कसा धरून ठेवू, सांगा."

"दाखला खोटा आहे," तपासनीस म्हणाला. "छत नाही."

*

निलंबनाचा कागद दुसऱ्या दिवशी आला, सात नंबर उघडण्याचा कागदही त्याच पाकिटात. लेकीनं दोन्ही मोठ्यानं वाचले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाचून झाल्यावर लेकीनं कागद पाकिटात घातले.

"बाबा, मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मी साक्षीला असतो."

आयुष्यभर ती बापाला अरे-तुरे करत आली होती. त्यानं मान वर केली. तिचं तिला कळलंही नव्हतं, किंवा कळलं असेल. ती शाळेच्या वह्या घेऊन आतल्या खोलीत गेली.

बायको मात्र बोलली. "एक बादली आणू दिली नाहीस मला," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं गळक्या बादलीनं पाणी भरलं मी." एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं 'आमच्याकडे खिळासुद्धा' हे वाक्य कुठं उच्चारलं नाही.

सोमवारी भोंगा झाला. ऐंशी जण बूट घालून गेले, बिल्ले घेतले, खाली उतरले, आणि सात नंबरच्या तोंडाशी जाऊन ओळीनं बसले. आत कुणी पाऊल टाकलं नाही. जाड्या प्रतिनिधीनं मॅनेजरला सांगितलं, "काम नको असं नाही, साहेब. पण बहिऱ्यानं चांगलं म्हटलेल्या छताखाली तुम्ही आधी डबा खाऊन दाखवा, मग आम्ही येतो." मंगळवारी तेच. बुधवारी तेच. टपरीवर बंदसाहेबाबद्दल कुणी चांगलं बोललं असं नाही. म्हणत, दोघंही लबाड. एकानं कान विकले, एकानं सही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला लेकीच्या वर्गात खडूचा डबा टेबलावरून सरकत सरकत काठाशी आला आणि पडला. पोरं उठून उभी राहिली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. खाली सात नंबरचं छत आलं होतं, चाळीस पावलं लांबीचं, एकाच वेळी. वाऱ्याच्या झोतानं तोंडाशी बसलेल्यांचे डबे उडाले, दोघांचे हात खरचटले. पण ऐंशीच्या ऐंशी वर आले, काळेठिक्कर, खोकत, आणि बायकांनी आपापला माणूस चेहरा पुसून ओळखला.

मुख्य कचेरीच्या अहवालात लिहिलं होतं की वरिष्ठांनी वेळीच केलेल्या पाहणीमुळे हानी टळली. तपासनीसाचं नाव त्यात निलंबनापुरतं होतं.

शुक्रवारी परीट स्वतः घरी आला. सदरे कडक इस्त्रीचे, घडीवर घडी. "कोळसा मिळाला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "पाच नंबरचा. बरा आहे."

*

त्यातलाच एक सदरा घालून तपासनीस दादाकडे गेला. पाऊस थांबला नव्हता, पण बारीक झाला होता. दादाची नोकरी पाहणीच्या दिवशीच गेली होती. बिल्ला जमा करताना लिपिकानं ओरडून ओरडून विचारलं होतं, ऐकू येतंय का, आणि रांगेतले हसले होते.

दार दादाच्या बायकोनं उघडलं. बाक दिला. चहा ठेवला नाही.

दादा खाटेवर बसला होता, फळ्यांच्या भिंतीला लागून. त्यानं दारातल्या माणसाला बघितलं आणि पाय उचलून खाटेवर घेतले, आणि अंग वळवून पाठ केली. दुसऱ्या कुणी पाठ केली तर नुसता रुसवा असतो, कान उघडेच राहतात. दादानं पाठ केली की दार लागलं.

"दादानं माझ्याकडे बघितलं नाही, वहिनी," तपासनीस म्हणाला. "बघतो म्हणाला होता. मी मान हलवत होतो आणि त्यानं मॅनेजरकडे बघितलं."

"आदल्या संध्याकाळी आला होता मॅनेजर," ती म्हणाली. "तू बसलायस तिथंच बसला. म्हणाला, तुमच्या कानांचं मला कळलंय. तुम्ही छत वाईट म्हणालात तर मी तिथल्या तिथं कानाची तपासणी लावीन, आणि मग तुमच्या साहेबाचं काय होईल बघा. नोकरी जाईल, खटला होईल. चांगलं म्हणालात तर मी कधीच तोंड उघडणार नाही."

तपासनीसानं खाटेकडे बघितलं.

"मी म्हटलं यांना, अहो, ऐंशी माणसं आहेत. तर म्हणाले, तो काय माझं ऐकून आदेश मागं घेणार आहे होय? चालत्या पिंजऱ्याला आडवा होणारा माणूस तो. मी काहीही म्हणालो तरी तो बंदच ठेवणार. मी चांगलं म्हणतो, तो नाही म्हणेल, खाणही बंद राहील आणि त्याची, पोराची, नोकरीही राहील." तिनं ओला हात दुसऱ्या हातानं पुसला. "आणि उघडलीच, तर पहिला मी आत जाऊन ठाण मांडतो म्हणाले. माझ्याआधी कुणावर पडणार नाही."

ती आत गेली. फळीपलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

तपासनीस त्या पाठीकडे बघत राहिला. कॉलर तीच होती, उलटून शिवलेली. मग तो बोलायला लागला. मागून बोलत होता, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला की तू मला सांगायला हवं होतंस. म्हणाला की मीही तुला सांगायला हवं होतं, पहिल्याच वर्षी, की दादा आता पुरे, आणि वर ऑफिसात बसून नव्या पोरांना ठोकायला शिकव. मला तुझा घाम बघवला नाही. म्हणाला की सात नंबरचा नकाशा माझ्या हातून गेला. तुझा हात किती उंच जातो हे मला जगात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं आणि मी ते मोजलं नाही. त्याची पाठ बाकामागच्या फळ्यांना टेकली होती. बोलताना त्याचा आवाज चढत होता आणि त्याचा त्यालाच फळ्यांमधून पाठीत परत ऐकू येत होता.

तेव्हा त्याला दादाचा हात दिसला.

डावा पंजा. फळ्यांच्या भिंतीवर सपाट लावलेला, बोटं पसरून, अंगठा बाजूला, अगदी पहिल्या वर्षी शिकवला होता तसा. तपासनीस गप्प झाला. पंजा तसाच राहिला. तो पुन्हा बोलायला लागला, आणि दादाची बोटं किंचित दबली, थरथर नीट लागावी म्हणून दाबतात तशी.

मग तो सावकाश बोलला, एकेक शब्द फळीवर ठेवल्यासारखा. "दादा. मी तुला मागून हाक मारली, ती सगळ्यांसमोर. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऐंशी माणसं जगली. पण तू मला वाचवत होतास, आणि मी..."

हात भिंतीवरून निघाला.

दादानं तो मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकून ठेवला. पाठ तशीच होती. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. थोड्या वेळानं तपासनीस उठला, बाक होता तिथं सरकवून ठेवला आणि जाताना दार ओढून घेतलं, आवाज न करता, जणू आत कुणाला ऐकू जाईल.